बडोद्याचं विष, ग्वाल्हेरचा नानासाहेब आणि इतर भानगडी : स्थानिक इतिहासाची पुस्तकं वाचणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजारात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जुनी पुस्तकं घेऊन बसतो. इतिहासाची, त्यातही ज्यांचा निकाल लागलेला नाही अशा प्रकरणांची जास्त. त्यावरून बडोद्यातून तर प्रश्न येतातच, पण इंदूर-ग्वाल्हेरचे आपले लोकही विचारत असतात आणि बरेचदा तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर नंबर दिलाय, तिकडे बघा.

1. शाळेतला इतिहास आणि हा "स्थानिक इतिहास", फरक काय? आणि ऐतिहासिक कादंबऱ्या यात धरायच्या का?

शाळेच्या पुस्तकात आपलं बडोदा एखाद्या ओळीत येतं, सयाजीरावांनी शिक्षण सक्तीचं केलं, संपलं. स्थानिक इतिहास म्हणजे त्या ओळीच्या आत शिरायचं. तिथे मग राजा कमी आणि दिवाण, कारकून, रेसिडेन्सीतला (दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, म्हणजे रेसिडेंटच्या कचेरीतला) जमादार, सावकार, वाड्यातल्या बायका हीच मंडळी जास्त भेटतात. कादंबरी वाचा की, मी पण वाचते, पण ती वाचून "असं झालं होतं" म्हणून भांडायला येऊ नका. कादंबरीकाराला दोन कागदांमधली जागा भरायची मुभा असते, इतिहास लिहिणाऱ्याला ती जागा मोकळी सोडावी लागते. बखरीचंही थोडंफार तसंच, पुष्कळ बखरी प्रसंग होऊन गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिल्यात, त्यामुळे भाषेसाठी आणि त्या काळच्या माणसांना काय वाटत होतं त्यासाठी वाचायच्या, तारखेसाठी नाही.

2. मी कॉमर्सवाला आहे, इतिहासाचा गंध नाही. पहिलं पुस्तक कुठलं घेऊ?

विष्णुभट गोडशांचं "माझा प्रवास". काही माहीत नसलं तरी चालतं. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा चांगली मिळणार असं ऐकून काकांबरोबर उत्तरेत निघाला आणि नेमका 1857 च्या धामधुमीत सापडला, झाशीला वेढा पडला तेव्हा हा गावात होता. गोरे शिपाई घरात शिरतात, पाणी मिळत नाही, लुटारू कनवटीचे पैसे काढून घेतात, हे सगळं त्याच्याच तोंडून. मात्र दोन गोष्टी डोक्यात ठेवून वाचा. एक, हे आठवणीतून आणि पुष्कळ वर्षांनी लिहिलेलं आहे. दोन, चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापताना मजकुरावर हात फिरवला होता, मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती नंतर आली. शक्य असेल तर ती नंतरचीच घ्या.

त्याच्यानंतर "मराठी रियासत" या अनेक खंडांच्या इतिहासातला एखादा खंड. आणि हे बडोदेकरांनी तरी कॉलर ताठ करून सांगायला हवं, की रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई इथे सयाजीरावांच्या नोकरीत होते, महाराजांना वाचून दाखवायचं आणि राजपुत्रांना शिकवायचं काम करता करता त्यांनी रियासतीची सुरुवात केली. सगळे खंड ओळीने वाचायला घेऊ नका, दुसऱ्यातच दम लागेल. आपल्याला हवा तो काळ काढायचा आणि तेवढाच वाचायचा.

3. "न उलगडलेलं" म्हणजे नक्की काय? लोक तर सगळ्यालाच गूढ म्हणतात.

माझ्या मते तीन प्रकार असतात आणि ते वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ जातो. पहिला, कागदच नाही, नुसतं ऐकीव (प्रश्न 10 मधला खजिना बघा). दुसरा, कागद आहेत पण सगळे एकाच बाजूचे, बहुतेक वेळा इंग्रजांचे, म्हणजे ज्याच्यावर आरोप त्याचा आवाज फक्त उलटतपासणीत ऐकू येतो. तिसरा, कागद ढीगभर आणि एकमेकांच्या विरुद्ध, याचा नमुना म्हणजे आपलं 1875 चं प्रकरण, पुढचाच प्रश्न. मजा तिसऱ्यात आहे. पहिल्या प्रकारावरची पुस्तकं जास्त खपतात, काय करणार.

4. मल्हारराव गायकवाड आणि रेसिडेंटला विष, हे प्रकरण थोडक्यात सांगाल का? घरी आजी सांगायची पण अर्धवट.

थोडक्यात जमणार नाही, पण बघते.

खंडेराव महाराज 1870 च्या नोव्हेंबरात गेले. भाऊ मल्हारराव, ज्यांना खंडेरावांनीच आपल्याविरुद्ध कट केल्याच्या संशयावरून पादऱ्याला कैदेत टाकलं होतं, ते गादीवर आले. खंडेरावांच्या राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या, मुलगा झाला असता तर गादी त्याची, पण मुलगी झाली. मल्हाररावांचा कारभार वाईट होता यावर फारसा वाद नाही, तक्रारी इतक्या गेल्या की 1873 मध्ये इंग्रजांनी चौकशी कमिशन नेमलं. रेसिडेंट होता कर्नल फेअर, त्याचं आणि महाराजांचं अजिबात पटत नव्हतं. 1874 मध्ये मल्हाररावांनी दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणलं (हो, तेच दादाभाई), पण एकीकडे दरबार आणि दुसरीकडे फेअर यांच्यात त्यांचीही कोंडी झाली आणि 1875 च्या जानेवारीत ते बाहेर पडले.

आता मुख्य भाग. 9 नोव्हेंबर 1874, सकाळ. फेअर फिरून आला, नेहमीप्रमाणे टेबलावर पपनसाचं सरबत ठेवलेलं होतं. दोन-तीन घोट घेतले, कसंतरी झालं, बाकीचं फेकून दिलं आणि बघतो तर पेल्याच्या तळाशी काळपट गाळ. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने गाळ तपासला, मग तो मुंबईला सरकारी रसायनतज्ज्ञाकडे गेला, निष्कर्ष आला सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड. थोड्याच दिवसांत फेअरला काढून लुई पेलीला पाठवलं, मुंबईहून पोलीस कमिशनर फ्रँक सूटर तपासाला आला. जानेवारी 1875 मध्ये महाराजांना अटक. एका राज्य करत्या राजाला अटक करून कमिशनपुढे उभं करायचं, म्हणजे देशभर खळबळ.

कमिशनमध्ये सहा जण. कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश रिचर्ड कौच अध्यक्ष, त्यांच्याबरोबर मीड आणि मेल्व्हिल, आणि आपल्याकडचे तीन : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने खास विलायतेहून बॅलंटाइन नावाचा नामांकित वकील आला. निकाल काय, तर तिन्ही गोरे म्हणाले दोषी, तिन्ही हिंदी म्हणाले आरोप सिद्ध झाला नाही. तीन-तीन.

आणि आजीने बहुधा हेच सांगितलं नसेल : एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं, पण जाहीरनाम्यात कारण विष नाही दिलं. कारण दिलं गैरकारभार. ज्यासाठी खटला चालवला तो बाजूला आणि शिक्षा दुसऱ्याच गोष्टीची. मल्हाररावांना मद्रासला नेलं, तिथेच 1882 मध्ये वारले.

5. बरं मग विष कोणी घातलं? तुमचं मत सांगा, गोल गोल नको.

सांगते, पण आधी दोन्ही बाजू.

सरकारची बाजू अशी की रेसिडेन्सीतले नोकर फोडले होते, रावजी हवालदार, नरसू जमादार, एक आया, आणि वाड्यावरून सोमल आणि हिरे पुरवले महाराजांचा खाजगी कारभारी दामोदरपंत याने. या लोकांनी कबुलीजबाब दिले, तपशिलात दिले.

बचावाची बाजू मला नेहमी जास्त वाचनीय वाटते. रावजीला आणि दामोदरपंतांना माफीचं आश्वासन मिळाल्यावर त्यांची तोंडं उघडली, म्हणजे स्वतःची मान सोडवायला दुसऱ्याची पुढे केली असं कुणीही म्हणणार. रावजीच्या कंबरपट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही बऱ्याच दिवसांनी आणि पोलिसांच्याच हाताला, हे बॅलंटाइनने चांगलंच लावून धरलं. जबाब चालू असताना नरसू जमादार विहिरीत जाऊन पडला, त्याला बाहेर काढलं, वाचला. त्याने पश्चात्तापाने उडी मारली की त्याच्यावर दबाव होता, ज्याला जे सिद्ध करायचंय तो तसं वाचतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मल्हाररावांनी व्हाइसरॉयला खलिता पाठवून फेअरला हलवा असं मागितलं होतं. ज्याला सनदशीर घालवायचा अर्ज पाठवलाय त्यालाच आठवड्याभरात विष कशाला घालाल? यावर सरकारी बाजूचं म्हणणं, अर्ज मान्य होईल याची खात्री नव्हती.

माझं मत : सरबतात काहीतरी घातलं गेलं होतं हे मला पटतं, नोकरांपैकी कुणाचा तरी हात होता हेही पटतं. महाराजांनी हुकूम दिला हे त्या पुराव्यावर पटत नाही, दिलाच नसेल असंही म्हणवत नाही. दिनकरराव काही मल्हाररावांचे दोस्त नव्हते, ग्वाल्हेरच्या दिवाणगिरीत 1857 साली इंग्रजांची बाजू सांभाळणारा माणूस तो, आणि त्यालाही सिद्ध वाटलं नाही, हे माझ्या लेखी बरंच वजनदार आहे. ज्या पुस्तकात "मल्हारराव निर्दोष होते" किंवा "मल्हाररावांनीच विष दिलं" असं पहिल्या पानावर ठोकून दिलेलं असतं ते मी दुकानातच परत ठेवते.

6. हिऱ्याच्या पुडीने खरंच माणूस मरतो का?

नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, विषारी नाही. आतडी कापतात वगैरे समज फार जुना आहे आणि राजवाड्यांच्या गोष्टींत हमखास येतो. मारक होता तो सोमल. आता पूड हिऱ्याचीच होती का हाही खटल्यातला वादाचा मुद्दा होता, त्यामुळे नुसतं "हिरे कुटून घातले" एवढंच सांगणारा लेख असेल तर तो ऐकीव समजा.

7. सयाजीराव लहानपणी "मी राज्य करायला आलोय" म्हणाले, हे खरं का?

पक्कं काय ते आधी. नाशिक जिल्ह्यातलं कवळाणं, मुलाचं नाव गोपाळराव, जन्म 11 मार्च 1863, जमनाबाईंनी 27 मे 1875 ला दत्तक घेतलं. म्हणजे प्रश्न 4 मधल्या सगळ्या राड्यानंतर महिन्याभरात. निवडीच्या वेळचं ते उत्तर म्हणजे आपल्या घराघरातली गोष्ट आहे, मलाही ती आवडते, मुलांना सांगा की. पुस्तकात लिहिणार असाल तर मात्र ती सांगणारा माणूस कुठल्या सालचा आहे तेवढं बघा. राजा मोठा झाला की त्याच्या बालपणीच्या गोष्टीही मोठ्या होतात, हे सगळ्याच राजांचं आहे.

8. नानासाहेब पेशवे शेवटी गेले कुठे? आमच्या गुजरातमध्ये सिहोरला होते म्हणतात.

हा दुसऱ्या प्रकारातला (प्रश्न 3). 1859 पर्यंतचा माग लागतो, नेपाळच्या तराईत गेले तिथपर्यंत. त्यानंतर धुकं. भावनगरजवळच्या सिहोरला ते साधूच्या वेशात राहिले आणि तिथेच वारले अशी एक ठाम परंपरा आहे, उत्तरेत नैमिषारण्याची आहे, नेपाळात तापाने गेल्याची आहे. प्रत्येकाला आपल्याच गावात हवे आहेत.

मला यातला ग्वाल्हेरचा भाग फार भारी वाटतो आणि त्यावर कमी लिहिलं जातं. 1874 च्या ऑक्टोबरात एक माणूस मीच नानासाहेब असं म्हणाला, जयाजीराव शिंद्यांनी त्याला धरून इंग्रजांच्या हवाली केलं. कानपूरला नेला, ओळखणारे आणून उभे केले, काही हो म्हणाले काही नाही म्हणाले, डॉक्टरांनी वय आणि खुणा तपासल्या, शेवटी हा तो नव्हे असं ठरून सोडून दिला. सतरा वर्षं झालेली, इंग्रज अजूनही इतके धास्तावलेले की एका बैराग्यासाठी तारांवर तारा. आणि तारखा लावून बघा, ऑक्टोबरात जयाजीराव "नानासाहेब" हवाली करतायत आणि फेब्रुवारीत तेच जयाजीराव बडोद्यात मल्हाररावांच्या कमिशनवर बसलेत आणि इंग्रजांच्या विरुद्ध मत देतायत. या माणसाच्या डोक्यात त्या चार महिन्यांत काय चाललं असेल यावर कुणीतरी पुस्तक लिहायला हवं, मी पहिली प्रत घेईन.

तात्या टोप्यांबद्दलही हाच प्रश्न येतो. सरकारी कागदानुसार 18 एप्रिल 1859 ला शिवपुरीला, तेव्हाच्या शिप्रीला, फाशी. नरवरच्या मानसिंगाने दगा देऊन पकडून दिलं. फाशी गेला तो दुसराच होता असं म्हणणारेही आहेत, पण सिहोरच्या गोष्टीसारखंच तिथेही बहुतेक साक्ष नंतरची आणि घरातली आहे.

9. राणी लक्ष्मीबाई 17 जूनला गेल्या की 18 ला? दोन पुस्तकांत दोन तारखा. आणि आमच्या घरच्या जुन्या कागदावरची मिती तर कशालाच जुळत नाही!!

दोन वेगळे प्रश्न आहेत, एकात घालू नका.

राणींचं : कोटा की सरायची लढाई 17 जून 1858 ची, इंग्रजी फौजी अहवालात तीच येते आणि त्यातलेच काही राणींचा मृत्यू त्याच दिवशी धरतात. ग्वाल्हेरला फुलबागेतल्या समाधीवर बलिदान दिवस 18 ला होतो आणि आपल्याकडे बहुतेक पुस्तकांत 18 च आहे. लढाईच्या गर्दीत, पुरुषी वेशातली बाई, घाईघाईने दिलेला अग्नी, तिथे घड्याळ लावून कोण बसलं होतं. लेखकाने दुसऱ्या तारखेचा निदान उल्लेख केलाय का एवढं मी बघते. त्यांच्या जन्मसालाचाही असाच वाद आहे.

मितीचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्या तिन्ही शहरांतल्या मराठी घरांत हा घोळ हमखास असतो. महाराष्ट्रातला शक चैत्रात बदलतो. गुजरातचा संवत कार्तिकात, दिवाळीनंतर. ग्वाल्हेर-इंदूरकडचा संवत चैत्रात. वर उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे व गुजरातेत अमावस्येला, त्यामुळे शुद्ध पक्ष जुळतो आणि वद्य पक्षात महिन्याचं नावच बदलतं. उदाहरण घ्या, 25 एप्रिल 1875, मल्हाररावांना काढलं त्याच सुमाराचा दिवस. मराठी कारकून लिहिणार शके 1797 चैत्र वद्य. बडोद्याचा गुजराती सावकार लिहिणार संवत 1931 चैत्र वद. ग्वाल्हेरचा माणूस लिहिणार संवत 1932 वैशाख कृष्ण. तिघंही बरोबर! आणि संशोधक म्हणवणारे यावरून एकमेकांना खोटं पाडतात.

पेशवाईतल्या कागदांवर अजून एक असतं, सुहूर सन, अरबी आकड्यांत आणि उलट क्रमाने लिहिलेलं. "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, 1161. हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून 600. 1161 मध्ये 600 मिळवा, 1761, जानेवारीचा कागद असेल तर पानिपत. घरच्या कागदावर असं काही असेल तर आधी हे करून बघा, बहुतेक वेळा गूढ तिथेच संपतं.

10. ग्वाल्हेरच्या गंगाजळीचा खजिना, बडोद्याचा मोत्यांचा गालिचा, यावरची पुस्तकं घ्यावीत का?

खजिन्यावरची प्रवासात वाचायला ठीक. शिंद्यांचा मोठा साठा किल्ल्यात होता, किल्ला इंग्रजांकडे गेला आणि 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात परत मिळाला, एवढा सांगाडा खरा. त्यावर तळघरं, बीजक, नागोबा वगैरे चढवलेलं असतं.

गालिचाचं वेगळं, तो प्रत्यक्ष आहे. खंडेरावांनी मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करायला म्हणून करून घेतला, हिंदू राजा आणि मदिनेसाठी नवस, हे आजकालच्या वातावरणात लोकांना सांगितलं की विश्वास बसत नाही. खंडेराव वारले, तो गेलाच नाही, बडोद्यात राहिला आणि 2009 मध्ये दोहाला लिलावात विकला गेला. यात खरा प्रश्न खजिन्याचा नाही, संस्थानाची मालमत्ता आणि राजाची खाजगी मालमत्ता यातली रेघ कुठे होती हा आहे. तो प्रश्न विचारणारं पुस्तक मिळालं तर घ्या.

11. इंदूरचं बावला खून प्रकरण यात का धरता? आरोपींना तर शिक्षा झाली ना?

झाली की, फाशी-जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. 12 जानेवारी 1925, मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याच्या गाडीवर हल्ला, त्याला गोळ्या घातल्या, बरोबरच्या मुमताज बेगमच्या चेहऱ्यावर वार केले, ती पूर्वी इंदूर दरबारात होती आणि तिथून निसटलेली. योगायोगाने इंग्रज लष्करी अधिकारी तिथून चालले होते म्हणून ती वाचली. आरोपी इंदूरशी संबंधित निघाले, त्यातल्या एकाचं वकीलपत्र जिनांनी घेतलं होतं. गोळ्या कोणी झाडल्या हे कोर्टाने ठरवलं. पाठवलं कोणी, हे कधीच कुठल्या कोर्टापुढे आलं नाही, कारण तुकोजीराव होळकरांपुढे दोन वाटा ठेवल्या, चौकशी कमिशनला सामोरं जा किंवा गादी सोडा, आणि त्यांनी फेब्रुवारी 1926 मध्ये मुलाच्या बाजूने गादी सोडली.

बडोद्याशी ताडून बघा. तिथे चौकशी झाली आणि निकाल लागला नाही, इथे चौकशीच टळली. इंदूरची जुनी माणसं यावर अजूनही दोन तट करून बोलतात, त्यामुळे तिकडच्या लग्नात विषय काढायचा असेल तर जेवणं झाल्यावर काढा.

12. मोडी येत नाही. अडतं का?

वाचायला अजिबात नाही. बडोद्याच्या दफ्तरातले निवडक कागद छापून झालेत, महेश्वर दरबारची बातमीपत्रं पारसनिसांनी छापली, पेशवे दफ्तराचे खंड रियासतकारांनी काढले, सगळं बाळबोधात, म्हणजे आपल्या देवनागरीत. लिहायचं असेल तर मात्र शिका, कारण छापणाऱ्याने काय वगळलं ते मूळ बघितल्याशिवाय कळत नाही. अक्षरं पटकन येतात, वेळ लागतो तो एकेका कारकुनाच्या हाताची सवय व्हायला आणि शब्दांचे संक्षेप ओळखायला.

13. कागद आणि दुर्मिळ पुस्तकं बडोद्यात कुठे बघायला मिळतील?

मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय पहिलं. सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून 1910 मध्ये उभं केलं, लोखंडी रॅक आणि मजल्यांना काचेची जमीन, उजेड खालपर्यंत जावा म्हणून. पुस्तकं नको असतील तरी ती जमीन बघायला जा. मराठी विभागात जुन्या श्री सयाजी साहित्यमालेतली पुस्तकं शोधा. संस्कृत पोथ्यांसाठी प्राच्य विद्या मंदिर. संस्थानी दफ्तरासाठी कोठीचं सरकारी अभिलेखागार, तिथे जाताना ओळखपत्र आणि काय हवंय ते साल-खात्यासह लिहिलेला अर्ज न्या, "गायकवाडांचं काहीतरी दाखवा" म्हटलं तर कुणीच काही दाखवणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं.

घरबसल्या हवं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल आहे, फॉरेन डिपार्टमेंटच्या फाइली तिथे स्कॅन होतायत. शोधताना इंग्रजांची स्पेलिंग वापरून बघा, मल्हाररावांचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल.

14. पुस्तक भरवशाचं आहे हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

मागून उघडा. टिपा आहेत का? असल्या तर त्या मूळ कागदाकडे नेतात की दुसऱ्या तसल्याच पुस्तकाकडे? मग मधलं एखादं पान काढून बघा, राजाच्या मनातले विचार अवतरणचिन्हात दिसले की समजा काय ते. "असे म्हणतात", "जाणकारांच्या मते" हे शब्द फार आले तर ठेवून द्या. आणि विरोधी पुरावा लेखक लपवतो की समोर आणतो, हे कळायला एक सोपी परीक्षा : बडोद्यावरचं पुस्तक असेल तर मल्हाररावांचं प्रकरण काढा, तीन-तीन फूट पडली हे दिलंय का आणि कुठल्या कारणाने काढलं ते दिलंय का. दोन्ही असेल तर घ्या.

15. दोन मोठे विद्वान एकमेकांच्या उलट लिहितात. मी कुणाचं धरू?

कुणाचंच लगेच धरायचं नाही. दोघांच्या हाताशी कुठले कागद होते ते बघा. पुष्कळदा नंतरच्या लेखकाकडे आधीच्याला न मिळालेलं दफ्तर असतं, मग भांडण विद्वत्तेचं नसतंच, सालाचं असतं. मिती जुळत नसेल तर प्रश्न 9.

16. मराठीत वाचू, गुजरातीत की इंग्रजीत?

तिन्ही येत असतील तर तिन्ही, बडोदेकराला हा फायदा फुकट मिळालाय. 1875 च्या कमिशनचं कामकाज इंग्रजीत छापलेलं आहे, साक्षी आणि उलटतपासण्या सगळ्या, आणि ते कुठल्याही रहस्यकथेपेक्षा रंगतदार आहे. पण नोकरांचे जबाब हिंदुस्तानी, गुजराती, मराठीतून इंग्रजीत गेलेत हे विसरू नका, रावजी इतका सफाईदार बोलत नसणार.

17. जुनं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकलं तर चालेल ना?

लेखक वारल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, ती मोजायची पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. रियासतकार 1959 मध्ये गेले, त्यांचं 2020 पासून मोकळं. पण आधुनिक संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि भाषांतर यांचा हक्क वेगळा, मूळ ग्रंथ दोनशे वर्षांचा असला तरी. हयात लेखकाचं नवीन पुस्तक पीडीएफ करून टाकणाऱ्याला आम्ही ग्रुपमधून काढतो, आधीच मराठी इतिहासाच्या पुस्तकाच्या प्रती किती निघतात ते माहीत असून असं करवतं कसं?

18. आमच्या घराण्यावर पुस्तक काढायचंय. पण आजोबा सांगायचे ते आणि कागद जुळत नाहीत, काका म्हणतात कागदाचं लिहू नकोस.

हा सगळ्यात अवघड, आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. दोन्ही लिहा. आजोबांचं "आमच्या घरात असं सांगतात" म्हणून, कागदाचं कागद म्हणून, तारखेसह. आजोबा खोटं बोलत होते असा अर्थ होत नाही, कदाचित त्यांना तसंच सांगितलं गेलं. काकांना छापायच्या आधी वाचायला द्या, कागद हातात घेऊन बघू द्या, पुष्कळ माणसं कागद बघितला की मवाळ होतात. नाहीच झाले तर तो भाग गाळा पण त्याच्या जागी दुसरं काही रचून घालू नका. इनाम कुठल्या लढाईबद्दल मिळालं वगैरे दावा असेल तर सनदेची तारीख लढाईच्या आधीची तर नाही ना हे बघा, हसू नका, असं निघतं.

19. घरी पेटीभर जुनी पुस्तकं आणि कागद आहेत, वाळवी लागायला लागलीय. कुणाला देऊ?

द्यायच्या आधी फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, पानाच्या कडा दिसतील असे, पाठकोऱ्या पानांचेसुद्धा, कारण शेरे मागेच असतात. कडक उन्हात वाळवू नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर बिलकुल नको. नंबर घालायचे तर पेन्सिलीने, कोपऱ्यात. वाळवी लागलेली पुस्तकं बाकीच्यांपासून आधी वेगळी काढा. कुठल्याही ग्रंथालयाला देताना यादी करून दोन प्रतींवर सही घ्या. आणि रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी आम्हाला एक मेसेज टाका, पेटी उचलायला दोघं जण पाठवतो.